नाचणारी घोडी

तळ्याकाठचा घोडेवाला थापा मारण्यात इतका पटाईत, की तो 'जेवलो' म्हणाला तरी बायको ताट बघून यायची. धंदा एवढाच, की पर्यटकांना घोडीवर बसवून तळ्याला फेरी मारायची. पण त्याच्या तोंडून ऐकाल, तर ही घोडी एका राजाच्या लग्नात नाचली होती आणि राजा नवरी सोडून हिच्याकडेच बघत बसला होता.

नवा नाल ठोकला आणि घोडी खरंच नाचायला लागली. चालता चालता थांबायची, पुढचा पाय उचलून हवेत झुलवायची, मान खाली घालायची. पोरं खिदळली, आया टाळ्या वाजवू लागल्या, मोबाइल निघाले.

घोडेवाल्याने खूर चाचपला. तापलेला होता. नालाचा खिळा आत, जिवंत भागात घुसला होता. 'उद्या काढू,' तो मनाशी म्हणाला. उद्या आला तो पर्यटकांची रांग घेऊनच. मग परवावर गेलं. परक्यांना मारलेल्या थापा त्याला आजवर पचल्या होत्या. ही स्वतःलाच मारलेली थाप मात्र घशाखाली उतरेना. संध्याकाळी तो तबेल्यात शिरला की घोडी भिंतीकडे तोंड करायची.

बायको म्हणाली, "अहो, नाचणाऱ्याचं तोंड असं असतं होय?"

"कसं?"

"दाढ दुखते तेव्हा तुमचं होतं, तसं."

त्याने मेहुण्याला गाठलं. नाल ठोकला होता तो त्यानेच. मेहुण्याने खिळा उपसला, मागोमाग पू आला.

"दाजी, कधीपासून लंगडतेय?"

"आजच दिसलं बघ."

"चूक माझ्या हातची, कबूल. पण हा पू काही आजचा नाही." मेहुणा खूर धूत बसला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं घोडेवाल्याला वाटलं.

जखम भरली. घोडी सरळ चालू लागली. तो तिला पुन्हा तळ्यावर घेऊन गेला. "बाबा, ही तीच नाचणारी," म्हणत एका चिमुरडीने टाळ्या वाजवल्या.

घोडीने तोच पाय उचलला. हवेत झुलवला. मान खाली घातली.

घोडेवाल्याने घाईघाईने खूर पाहिला. थंडगार. कुठे काही दुखत नव्हतं. टाळी वाजली की पाय उचलायचा, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भोवती माणसं गोळा झाली, टाळ्या वाढल्या आणि पाय पुन्हा वर गेला.

"थांबा," घोडेवाला म्हणाला. "टाळी ऐकली की पाय उचलते, ते लाथ घालायला. गेल्या खेपेला एका जाडजूड पाहुण्याला तळ्यापलीकडे भिरकावलंन. अजून चप्पल शोधतोय बिचारा."

बापाने पोरीला मागे ओढलं. पांगापांग झाली, रांग मोडली, काठ मोकळा झाला.

शेजारी शेंगदाणे विकणारी त्याची बायको म्हणाली, "स्वतःच्या पोटावर पाय देणारी थाप पहिल्यांदाच ऐकली."

टाळ्या थांबल्या, तसा घोडीने पाय खाली टेकवला. त्याने तिच्या मानेवर शाबासकीची थाप द्यायला हात उचलला, आणि ती टाळीसारखी वाजेल म्हणून तसाच मागे घेतला.