केहिंदेचा फोटो

"बाबा लामिदी, ही माझी केहिंदे नाही!" जुळ्यांची आई सिदिकात हिने फोटो माझ्या टेबलावर आपटला. "दोन्हीकडे तिची बहीण ताईवोच बसलीय."

तिच्या मागे मोरेनिके मान खाली घालून उभी होती. ही लागोस शहरातली पोरगी दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावाचं जगणं कॅमेऱ्यात टिपायला आली. चाळीस वर्षं लोक फोटो काढायला माझ्या खोलीत ठेवणीतले कपडे घालून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. ही मात्र त्यांना कसावाचे कंद किसताना, शेळ्या हाकताना, फाटक्या बंडीत टिपायची आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर लगेच दाखवायची. तेच लोक खिदळत तिच्या मागे धावायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू?

आमच्यात जुळ्यांतलं एक गेलं, की उरलेल्याचाच दोनदा फोटो काढतात, दुसऱ्यांदा गेलेल्याच्या कपड्यांत, आणि दोघं एकाच फोटोत शेजारी बसलेली दाखवतात. सहा वर्षांची केहिंदे तापाने गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. सिदिकात माझ्याकडे न येता या पोरीकडे गेली. पोरगी काय चूक करणार हे मला ठाऊक होतं, तरी मी मुद्दाम गप्प बसलो. तिने ताईवोचा एकच फोटो काढला आणि तोच दोनदा छापला.

"बाबा, माझं कुठे चुकलं?" मोरेनिकेने थोरांपुढे टेकतात तसे गुडघे टेकून विचारलं.

"बटण दाबलं की झालं, असं वाटलं ना तुला? उभी राहा तिकडे दाराशी. बघ."

मी भिंगाची अर्धी बाजू काळ्या पुठ्ठ्याने झाकली आणि बाकाच्या एका टोकाला बसलेल्या ताईवोचा फोटो काढला. मग सिदिकातने तिला बहिणीचा पिवळा झगा घातला आणि दुसऱ्या टोकाला बसवलं. मी फिल्म पुढे न सरकवता पुठ्ठा भिंगाच्या दुसऱ्या अर्ध्यावर फिरवला.

"केहिंदे कशी बसायची गं?" मी ताईवोला विचारलं.

"पाय हलवत. आणि आधी माझ्याकडे बघायची. मग बाकीच्यांकडे."

"मग बघ की ताईवोकडे. ती काय, तिथे बसलीय."

ताईवोने बाकाच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं. तिचे पाय हलू लागले.

"केहिंदे!" मी हाक मारली. तिने वळून पाहिलं आणि मी बटण दाबलं.

"आली," माझ्या मागून सिदिकात म्हणाली. "आली हो बाबा." तिने माझे दोन्ही हात कपाळाला लावले आणि डोळे पुसत पोरीला घेऊन गेली. दोन महिन्यांनी माझी छाती पुन्हा फुगली.

"मीही एक काढला, बाबा. तुम्ही हाक मारायच्या आधी," मोरेनिके म्हणाली आणि तिने कॅमेरा पुढे धरला.

मी कॅमेऱ्यामागे वाकलेलो. पिवळ्या झग्यातली पोर रिकाम्या टोकाकडे बघतेय. माझ्या पाठीमागे उभ्या सिदिकातचा हात मात्र त्या पिवळ्या झग्याकडे अर्धवट उचललेला. खेळायला गेलेल्या पोराला दारातून आई बोलावते ना, तसा. माझी तिच्याकडे पाठ होती, मला तो हात दिसलाच नव्हता. चाळीस वर्षांत मला असा एक फोटो साधला नाही.

"कसा आलाय, बाबा?"

"काळोखी आहे नुसती," मी म्हणालो. "आईचा चेहरा कुठे दिसतोय? ठेवण्यासारखा नाही हा."

उजेड त्या बाईच्या चेहऱ्यावर हवा तेवढाच पडला होता.

पोरगी थोरांचा शब्द मानणारी. "तुम्हाला जास्त कळतं, बाबा," म्हणत तिने फोटो पुसायचं बटण दाबलं, मग खात्रीचं दुसरं. मी काळा पुठ्ठा खणात ठेवत राहिलो. कॅमेऱ्याच्या पाठीवरची काच काळी झाली. मोरेनिकेने पुन्हा गुडघे टेकले आणि चूक दाखवली म्हणून माझे आभार मानले.