पान धरा, सायेब

मालूने आगकाडीच्या टोकावर तीन किडे उचलले आणि देवस्थळी साहेबांच्या क्रोटनच्या पानामागे, देठाच्या खोबणीत अलगद उतरवले. पांढरे, पिठात लोळवल्यासारखे, तांदळाच्या कणीएवढे किडे. मग पदराची गाठ सोडून तिने चिमूटभर गूळ काढला आणि कुंडीच्या काठाला चोळला. गुळाला मुंग्या येतात, आणि मुंग्या राखणीला असल्या की पांढरी कीड लेकराबाळांसकट सुखाने नांदते.

"मावशी, हितली लादी मी पुसू?"

दारात दिपिका उभी होती. दोन महिन्यांपूर्वी झाडलोटीला लागलेली, कोलाडकडची पोर. मालूने काडी मुठीत मिटली.

"नको गो. सायबांची केबिन माझी. तू जिना घे. आन् बादली अर्धीच भर. अशा दिवसांत भरली बादली उचलायची नाय."

दिपिका लाजली. तिला चौथा महिना होता आणि कंपनीत ते फक्त मालूला माहीत होतं.

रोह्याच्या त्या रंग बनवणाऱ्या कंपनीत साहेब लोक नऊला येत. मालू गडब गावाहून पहिल्या एसटीने येऊन त्याआधी चाळीस कुंड्यांना पाणी घालून मोकळी होई. खालच्या हॉलमधले पाम, जिन्यावरचे मनीप्लँट, वरच्या खोल्यांतले रबरप्लँट, सगळे तेल चोळल्यासारखे तुकतुकीत. अख्ख्या इमारतीत कीड होती ती एकाच खोलीत. देवस्थळींच्या.

देवस्थळींकडे ऑफिसचा सगळा कारभार होता. झाडांचं त्यांना खरंच वेड होतं. केबिनमधली पाचही झाडं त्यांनी पुण्याहून स्वतः आणलेली, त्यातलं क्रोटन तर जीपमध्ये मांडीवर धरून. रुमालाने पानं पुसता पुसता ते चिडून विचारत, "मालू, बाहेरची झाडं ठणठणीत आणि माझीच कशी गं खराब होतात?"

"बंद खोली हाय ना, सायेब," मालू खाली बघून म्हणे. "बंद खोलीत काय बी व्हतं."

या उत्तरावर त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी, म्हणजे त्र्याण्णव सालापर्यंत, या कुंड्या नाथा मोकळकडे होत्या. नाथा मालूचा नवरा. खाडीकाठच्या वाडीत दुधी, तोंडली पिकवणाऱ्या घरातला माणूस. अकरा वर्षं इथे माळी होता. घरातल्या झाडाला घरातलंच औषध, हा त्याचा हट्ट. रिठे भिजवून कुस्करायचे, त्या फेसात करंजाच्या तेलाचे चार थेंब घालून ढवळायचं, फडकं बुडवून एकेक पान दोन्ही अंगांनी पुसायचं. फडकं पोचत नाही तिथे काडीला कापूस गुंडाळायचा. अगदीच ऐकेना तर तंबाखूच्या काड्यांचं उकळलेलं पाणी. आठ दिवसांनी पुन्हा तेच, म्हणजे अंड्यांतून निघालेली नवी पिल्लंही जातात. "जिथं मानूस श्वास घेतो तिथं इख मारायचं नाय," असं तो म्हणायचा. मालू त्याच्याबरोबर घरी रिठे कुस्करायला बसायची, म्हणून तिला सगळं येत होतं.

त्या मे महिन्यात परदेशातून पाहुणे यायचे होते आणि हॉलमधले पाम किडीने पांढरे झाले होते. नाथाने आठ दिवस मागितले. देवस्थळी म्हणाले, उद्या सकाळी एक किडा दिसता कामा नये. स्टोअरमधून त्यांनी लाल त्रिकोणाचा, म्हणजे जहाल विषाच्या खुणेचा, डबा काढून दिला. वर मीटिंग चालू होती, वास वर जायला नको म्हणून हॉलच्या खिडक्या-दारं लावून घ्यायला सांगितली. नाथा तासभर आत पंप मारत होता. बाहेर आला तो भिंत धरून, तोंडाला फेस. कंपनीच्या जीपने पेणला नेत होते. नागोठणं मागे पडलं आणि तो बोलायचा थांबला.

कंपनीच्या अहवालात आलं की मयत इसम दारूच्या नशेत होता व त्याने कोणालाही न विचारता बंद जागेत औषध फवारले. खाली देवस्थळींची सही, आणि साक्षीदार म्हणून स्टोअरकीपर बाबाजी ठाकूरची.

नाथा प्यायचा. होळीला प्यायचा, नारळीपुनवेला प्यायचा, मालू कधी नाही म्हणाली नाही. पण त्या दिवशी सकाळी गाडी चुकेल म्हणून तो चहासुद्धा अर्धा टाकून गेला होता. बाराव्याला तिच्या थोरल्या दिरानेच माणसांत म्हटलं, "पिऊन मेला, आता काय बोलायचं." मालूने ते ऐकलं आणि भात वाढत राहिली.

तीन महिन्यांनी देवस्थळींनी तिला बोलावून नाथाची जागा दिली. "बघ, कंपनी आपल्या माणसाला विसरत नाही," ते म्हणाले. मालूने हात जोडले. हात जोडतानाच तिने ठरवून टाकलं होतं.

तिला साहेबांना शिव्या द्यायच्या नव्हत्या की शाप द्यायचे नव्हते. ती फक्त त्यांच्या खोलीत कीड पोसणार होती. थोडी, मरणार नाही एवढी. झाडंही मरणार नाहीत एवढी. जास्त झाली की रिठ्याच्या पाण्याने निम्मी पुसायची, कमी झाली की घरामागच्या शेवग्यावरून काडीवर आणायची. एक दिवस या माणसाचं डोकं फिरेल, तो स्वतः स्टोअरमधून लाल त्रिकोणाचा डबा आणवील, हौसेने स्वतः पंप हातात घेईल आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेईल. मालू दाराबाहेर उभी राहील. हाक आली तर तिला ऐकू येणार नाही. चार वर्षं ती रोज एसटीत बसून हेच डोळ्यांपुढे आणत होती, आणि ते बघून झालं की तिला बरं वाटायचं.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात तो दिवस आला. दुपारी मुंबईहून कंपनीचे मालक येणार होते आणि देवस्थळींच्याच केबिनमध्ये बसणार होते. दहा वाजता देवस्थळींनी क्रोटनचं पान उलटलं. बोटाला पांढरा चिकटा लागला.

"बस्स झालं!" ते ओरडले. "बाबाजी, तो डबा काढा. पंप पण."

मालू जिन्यावर मनीप्लँटला पाणी घालत होती. ती हळूहळू वर आली, केबिनच्या बाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाबाजी खाली मान घालून तिच्यासमोरून डबा घेऊन गेला. गेली चार वर्षं तो तिच्यासमोरून असाच जायचा.

"दिपिका!" आतून हाक आली. "इकडे ये. हा पंप धर. पाचही झाडांवर मार, नीट, पानाच्या मागून. मी खाली हॉलमध्ये आहे. आणि दार-खिडक्या लावून घे, वास बाहेर यायला नको."

मालूला आधी कळलंच नाही. तिने इतक्या वेळा पाहिलेल्या चित्रात दिपिका कुठेच नव्हती. तिथे फक्त साहेब होते. पण साहेब कधी स्वतः पंप धरणारे नव्हते. नाथाच्या वेळी तरी कुठे धरला होता? साहेबांनी पंप पुढे केला की तो धरायला कोणीतरी असतंच.

दिपिकाने पंपाचा पट्टा खांद्यावर घेतला होता.

मालू आत शिरली, तिने तो पट्टा ओढून काढला आणि पंप साहेबांच्या टेबलावर, कागदांवरच आदळला.

"हिला नाय."

"मालू! काय हे?"

"हिला नाय मारायला सांगायचं. मी मारते." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पण तुमी हितंच बसा, सायेब. खुर्चीत. दिपिके, तू भायेर हो. खिडक्या लाव जाताना."

"वेड लागलंय का तुला?"

"का? झाडांचं तर औषध हाय. मी पंप मारते, तुमी तुमचे कागद वाचा. येकच तास." तिने दार ढकललं.

देवस्थळी खुर्चीतून ताडकन उठले. "अगं ए बाई! बंद खोलीत मारतात का ते? माणूस मरेल!"

बोलून झालं आणि ते थांबले. बाहेर टायपिंगचा आवाज बंद पडला होता. दाराच्या फटीत कारखान्याचे मॅनेजर उभे होते. ते गेल्या वर्षीच इथे आलेले. आवाज ऐकून खोलीतून उठून आले होते.

"मरतो ना?" मालू म्हणाली. "मंग माझ्या नाथाला दार लावून घ्यायला कोनी सांगितलं?"

"तो प्यायला होता," देवस्थळी मॅनेजरांकडे वळून म्हणाले. "चौकशी झालीय, सर. रिपोर्ट आहे."

मग भिंतीजवळून बाबाजीचा आवाज आला, खरखरीत, कधी न वापरल्यासारखा.

"नव्हता प्यायला. डबा मी दिला. सायबांनी सांगितला म्हनून दिला. दारं लावायला पन सायबांनीच सांगितलं, मी समोरच व्हतो." तो मालूकडे बघत नव्हता. "वयनी, मी खोटी सही केली. नोकरी जाईल म्हनून केली."

"आता जाईल," देवस्थळी म्हणाले.

"जाऊ दे."

मॅनेजरांनी डब्यावरचा लाल त्रिकोण पाहिला, दिपिकाकडे पाहिलं, आणि बाबाजीला आपल्या खोलीत येऊन सगळं लिहून द्यायला सांगितलं. मग घड्याळ बघून विचारलं, "मालक तीनला येतायत. ही झाडं कोणी साफ करेल का? औषधाशिवाय?"

"मी करीन," मालू म्हणाली. "पन पानं मोठी हायत. दुसऱ्या मानसाला धरायला लागतील."

"मी धरते, मावशी."

"तू नको." मालूने देवस्थळींकडे बोट केलं. "सायेब धरतील."

देवस्थळी हसल्यासारखं करून मॅनेजरांकडे बघू लागले. मॅनेजर हसले नाहीत.

"धरा, देवस्थळी."

मालूने आपल्या कपाटातून रिठ्याचं पाणी आणि करंजाच्या तेलाची बाटली आणली. खिडक्या सताड उघडल्या. फडकं बुडवून ती क्रोटनसमोर मांडी घालून बसली.

"पान धरा, सायेब. खालून. अलगद."

ते वाकले. नंतर वाकवेना म्हणून गुडघ्यांवर बसले. करंजाचं कडू, उग्र तेल त्यांच्या बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून पांढऱ्या शर्टाच्या बाहीत उतरत होतं. दारात माणसं येऊन बघून जात होती. मालू घाई करत नव्हती. एरवी तासात उरकणारं काम तिने पावणेतीनपर्यंत चालवलं. खोबणी न् खोबणी काडीने उकरली, चार वर्षं स्वतः वाढवलेली एकेक वसाहत कापसाने पुसून काढली. दर पानाला एवढंच म्हणायची, "धरा. हां. दुसरं." शेवटच्या, डिफेनबेकियाच्या कुंडीपाशी देवस्थळी हलक्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं नव्हतं गं असं होईल म्हणून."

"धरा," मालू म्हणाली.

बाबाजीची नोकरी गेली नाही. देवस्थळींची दोन महिन्यांनी दुसऱ्या ऑफिसात बदली झाली; तिथेही ते साहेबच राहिले. जाताना ते झाडं घेऊन गेले नाहीत. मालूच्या मनासारखं काहीच झालं नव्हतं, आणि ते ती कोणापासून लपवतही नव्हती. "त्याला काय झालं? शर्ट खराब झाला," ती म्हणायची.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. मयत नाथा मोकळ हे घटनेच्या वेळी नशेत असल्याचा उल्लेख चुकीचा असून तो अहवालातून काढून टाकण्यात येत आहे. दीड ओळ, खाली शिक्का.

मालूने रविवारी चांगलं लुगडं नेसून पेण गाठलं. बाजारामागच्या एका घराशी जाऊन कडी वाजवली. नाथा गेल्यानंतरच्या वर्षी तिच्या मुलीचं, वैशालीचं लग्न या घरात जवळजवळ ठरलं होतं. मग या घरातून निरोप आला होता की मुलगी चांगली आहे, पण बाप दारूत मेला, चार लोक विचारतात. वैशाली आता तळा गावी दिलेली होती, बरी होती.

दार त्या मुलाच्या बापाने, म्हाताऱ्या काळुरामने उघडलं. त्याने तिला ओळखलं आणि तो गांगरला. "या ना, बसा."

"बसत नाय. हे वाचा."

त्याने चष्मा लावून ओठ हलवत पत्र वाचलं. "बरं झालं," तो म्हणाला. "पन आता... आमच्या धनेशचं लगीन झालं. पोरगा बी झाला."

"माझ्या पोरीचं बी झालं. त्याच्यासाठी नाय आले. मोठ्यांदा वाचा."

काळुरामने मागे वळून पाहिलं. आत सून, नातू, शेजारची दोन माणसं बसली होती. त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं, नाथाच्या नावापासून शिक्क्यापर्यंत. सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

मालूने पत्र घेऊन चार घड्या घातल्या. तांब्याला हात लावला नाही. उन्हातून चालत ती एसटी स्टँडवर आली आणि बाकावर टेकली. रोह्याची गाडी लागली, कंडक्टरने गडब, नागोठणं म्हणून पुकारलं, गाडी भरली, सुटली. थोड्या वेळाने दुसरी लागली, तीही सुटली. गाडीत बसून रोज डोळ्यांपुढे आणायचं ते चित्र आता उरलं नव्हतं. मालू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.