वहिनी श्वास घेतात

वाद्यवृंदात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. खरं तर त्या एकट्या छोटीच्या वहिनी. छोटी म्हणजे त्यांची नणंद. तीही तिथेच क्लॅरिनेट वाजवायची, आणि छोटी म्हणायची ती नावापुरतीच. तालमीच्या खोलीत शिरताना तिला मान वाकवावी लागे. वहिनींच्या पहिल्याच दिवशी तिने भर तालमीत "वहिनी, डबा घेतलास ना?" अशी हाक मारली आणि तेव्हापासून ट्रंपेटवाल्यापासून दिवे लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या.

व्हायोलिनवर वहिनींच्या बोटांना तोड नव्हती. कितीही अवघड काही समोर ठेवा, वहिनी वाजवून मोकळ्या. सूर चोख, ताल पक्का. मात्र जागा कायम दुसऱ्या रांगेत. तिथे बसून त्यांनी वर्षानुवर्षं पुढच्यांच्या चुका सांभाळून घेतल्या आणि मनात एकच इच्छा जपली: एकदा तरी सगळ्यांच्या पुढे उभं राहून एकटीने वाजवायचं. यंदा मुख्य व्हायोलिनवादक निवृत्त झाले आणि वार्षिक कार्यक्रमातलं एकल वादन अखेर वहिनींच्या वाट्याला आलं. आनंदाच्या भरात त्यांनी ते चारच दिवसांत तोंडपाठ केलं.

पहिल्या तालमीत त्यांनी ते वाजवून दाखवलं. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वहिनी, एकही सूर चुकला नाही," ते म्हणाले. "पण ऐकताना मला धाप लागली."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. वहिनींचे कान तापले.

"तुम्ही कुठे थांबतच नाही हो. वाक्य कुठे संपलं, हे ऐकणाऱ्याला कळायला नको का? पुढच्या महिन्यात पुन्हा ऐकतो. तोवर टायवाल्यांनाही हे बसवायला सांगतो."

टायवाले म्हणजे वहिनींच्या शेजारचे व्हायोलिनवादक. माणूस भला, पण साध्या तालमीलाही टाय लावून येणारा. त्यांनी लगेच मान डोलावली, तीसुद्धा तालात.

घरी आल्यावर वहिनींनी सगळा राग भाजीवर काढला. वरच्या मजल्यावरून छोटी खाली आली तेव्हा गाजराचा चक्काचूर झाला होता.

"थांबत नाही म्हणजे काय? जिथे थांबा म्हणून लिहिलंय तिथे थांबतेच ना मी!"

"लिहिलेलं नसतं तिथेच तर थांबायचं असतं," छोटी एक तुकडा तोंडात टाकत म्हणाली. "तुझं काय होतं सांगू? व्हायोलिनला फुप्फुसं लागत नाहीत. गज खाली गेला की वर, वर गेला की खाली. तुला कधी कुणी अडवलंच नाही. महिनाभर माझ्याकडे क्लॅरिनेट शीक."

"अगं, हातातोंडाशी आलेला घास जायची वेळ आलीय, आणि मी इथे पिपाण्या फुंकत बसू?"

"फुंकून तर बघ!"

वहिनींनी फुंकून पाहिलं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते. ती नीट थरथरली तर सूर निघतो, नाहीतर नुसतीच चिरकते. वहिनींच्या हातात ती अशी काही चिरकली की लिफ्टदुरुस्तीचं काम करणारे त्यांचे यजमान धावत आत आले. "कुठलं बेअरिंग गेलं?" त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि मोठ्या मनाने जाहीर केलं, "सूनबाई, वाजव तू खुशाल. माझी काही हरकत नाही."

आधी वहिनींना फार लाज वाटली. व्हायोलिनवर भिरभिरणारी त्यांची बोटं इथे भोकं चाचपडत होती. पण रोज दुपारी वर जाता जाता त्यांना त्यात गंमत वाटू लागली. इथे त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. चुकलं की दोघी पोट धरून हसत. सूर चुकल्यावर हसायचं असतं, हे वहिनी कधीच विसरून गेल्या होत्या.

जरा बरे सूर निघू लागल्यावर छोटी म्हणाली, "आता तुझं एकल वाजव. सावकाश."

पहिल्या ओळीच्या मध्यावरच वहिनींची हवा संपली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"श्वास घे की गं!"

"कुठे घेऊ? जागाच नाहीये!"

"मग? संचालक तेच म्हणत होते."

वहिनींनी क्लॅरिनेट पुन्हा ओठांना लावलं. मग त्या जागा शोधायला लागल्या. इथे श्वास घेतला तर बोलता बोलता शब्द तुटल्यासारखं होई. तिथे घेतला तर पुढच्या चढणीला दम पुरत नसे. शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं, की ही ओळ काहीतरी विचारते आणि पुढची तिला उत्तर देते. मध्ये जरा थांबलं नाही तर प्रश्न ऐकून घेण्याआधीच उत्तर दिल्यासारखं होतं. सगळं तोंडपाठ होतं, पण त्यात कोण कोणाशी काय बोलतंय हे त्यांना आत्ता कुठे कळत होतं. त्यांनी व्हायोलिन उचललं, क्लॅरिनेट धरल्यासारखे ओठ मिटले आणि वाजवलं. ओळ संपली तिथे गज आपोआप थांबला.

"अय्या!" वहिनी म्हणाल्या.

महिना संपला. तालमीत आधी टायवाल्यांनी वाजवलं. स्वच्छ, नीटनेटकं, इस्त्री केल्यासारखं. वहिनींनी गज उचलला. हे वादन आज गेलं तर पुन्हा येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. व्हायोलिन आणि बाकीचे सगळे एकदमच सुरू होणार होते. संचालकांनी छडी उचलली, आणि महिनाभराच्या सवयीने वहिनींनी तोंड उघडून, खांदे उचलून, खोलीभर ऐकू जाईल असा श्वास घेतला.

आता फुंकून वाजवणाऱ्यांचं सगळं आयुष्य शेजाऱ्याचा श्वास ऐकण्यात जातं. त्यावरच तर ते एकत्र सुरू होतात. तो श्वास ऐकला मात्र, बासऱ्या, क्लॅरिनेट, ट्रंपेट झाडून सगळे वाजायला लागले. छडी हवेतच होती. तारांची वाद्यं वाजवणारे बिचारे छडीकडे बघत बसले. निम्मी मंडळी निघाली आणि निम्मी मागे राहिली. असा काही गोंधळ उडाला की संचालकांना दोन्ही हात वर करावे लागले.

"कुणी सांगितलं सुरू करायला?"

सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या. शेवटी ट्रंपेटवाला म्हणाला, "वहिनींनी श्वास घेतला, सर. म्हणून आम्ही आलो."

गेलं, वहिनींना वाटलं. आता सगळं गेलं. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून त्या छताकडे बघत म्हणाल्या, "माझीच चूक झाली. क्लॅरिनेट शिकतेय ना, त्याची सवय लागलीय. पुन्हा नाही घेणार."

"नाही घेणार?" संचालक जवळजवळ ओरडलेच. "अहो, दुसरं काहीही करा, पण तेवढं नका सोडू!" त्यांनी छडी ठेवून दिली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. "मी इथून ऐकतो. सगळ्यांनी वहिनींच्या श्वासावर यायचं. हं, घ्या."

वहिनींनी श्वास घेतला. सगळे एकदम आले.

मग त्या वाजवत राहिल्या. शेवटच्या चढणीआधी त्यांनी गज थांबवला. कागदावर तिथे कुठलीही खूण नव्हती. त्यांनी श्वास घेतला, आणि त्याच क्षणी पाठीमागे सगळ्या वाद्यवृंदाने घेतलेला श्वास त्यांना ऐकू आला. बासरीवालीचा हलका, छोटीचा भरभक्कम, आणि ज्यांना श्वासाची गरज नव्हती त्या टायवाल्यांचासुद्धा. इतकी वर्षं याच माणसांत बसून त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांना भरून आलं. तरी त्यांनी घाई केली नाही. तो श्वास पुरता होऊ दिला आणि मगच वरचा सूर लावला.

वादन संपलं. संचालक उठून पुढे आले. "कार्यक्रमात मी उभा असेन," ते म्हणाले, "पण सुरुवात तुम्ही करून द्यायची."

"म्हणजे वाजवायचं मीच ना?" वहिनींना ते स्पष्ट शब्दांत ऐकायचं होतं.

"दुसरं कोण?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना पुढची पानं काढायला सांगितली.

दुसऱ्या रांगेतली खुर्ची वाट बघत होती. पण वहिनी काही लगेच तिकडे गेल्या नाहीत. इतक्या वर्षांनी पुढे आलोच आहोत तर उभं राहू या जरा, असं त्यांना वाटलं. आणि त्यांना कुणी बसा म्हटलंही नाही.