लॅबकाकांचा तास

शाळेच्या दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर शाळेचं ध्येय लिहिलेलं होतं, आणि तेही एवढ्या मोठ्या अक्षरांत की ज्याला वाचायचं नाही त्यालाही ते वाचावंच लागे. ‘जग समजून घेणारी, प्रश्न विचारणारी आणि खरं बोलायला न कचरणारी माणसं घडवणे.’ एरवी त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. पण आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची पाहणी जवळ आली, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं. पाहणीला येणारी माणसं कोणालाही वाटेत अडवून शाळेचं ध्येय विचारतात, तेव्हा सगळ्यांनी पाठ करा. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी! माळीबुवा हातात झारी घेऊन ‘प्रश्न विचारणारी, प्रश्न विचारणारी’ असं पुटपुटत कुंड्यांमधून फिरायला लागले. पुढचं काही केल्या त्यांना आठवायचं नाही.

लॅबकाकांना आठवायचं सगळं, पण घशाखाली उतरायचं नाही.

लॅबकाका म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. बावीस वर्षं त्यांनी बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, द्रावणं तयार केली, फुटलेली काच गोळा केली. शिक्षक येत होते, जात होते. काका तिथेच. कुठल्या बाटलीचं बूच घट्ट बसतं आणि कुठल्या नळाला मधूनच खोकला येतो, ते डोळे मिटून सांगतील. पदवी मात्र नाही. बारावीनंतर शिक्षण जे सुटलं ते सुटलं.

चार महिन्यांपूर्वी रसायनशास्त्राचे सर दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेले. वर्षाच्या मधोमध! नवा माणूस काही मिळेना. मोठ्या बाईंनी काकांना खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “काका, तेवढी वेळ मारून न्या. सरांच्या वह्या आहेतच. मुलांना प्रयोग तुम्हीच तर दाखवता. मी वरती काही कळवत नाही, महिन्याभरात कोणी ना कोणी मिळेलच.” महिन्याचे चार महिने झाले. काका सरांच्या वह्या घरी नेऊन वाचायचे, अडलं की सरांना फोन करायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभे राहायचे. पहिले आठ दिवस खडू हातात धरवत नव्हता. पुढे पुढे मुलं ऐकायला लागली, विचारायला लागली. खरं सांगायचं तर काकांना ते भलतंच आवडायला लागलं होतं. हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

वर्गात मुलं अकराच, आणि त्यांत एक त्यांची स्वतःची लेक होती. घरात तिला खारू म्हणत. लहानपणी खारीसारखी गालात खाऊ साठवायची म्हणून पडलेलं नाव, ते अठरावं लागलं तरी सुटलं नव्हतं. शाळेत ती बापाला सगळ्यांसारखं ‘काका’ म्हणे. कोणी वशिल्याचं बोट दाखवू नये, म्हणून बापलेकींनीच तसं ठरवून टाकलं होतं. दूरदेशीच्या एका विद्यापीठाचं पत्र तिला आलं होतं. जागा पक्की, सगळा खर्च त्यांचा, अट एकच: याच वर्षी शाळेचा हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम पुरा झाला पाहिजे. पुढच्या वर्षी चालणार नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

आणि आता ही पाहणी. शिकवायला पात्र शिक्षक नाही हे उघडकीला आलं, तर प्रयोगांचे गुण रद्द, आणि गुण रद्द म्हणजे परीक्षेला बसणंच रद्द. मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी त्यांनी शिट्टी सरांना पांढरा कोट चढवायचं ठरवलं. शिट्टी सर खेळाचे शिक्षक. गळ्यात कायम शिट्टी, आवाज मैदानभर. कोट त्यांना खांद्यात इतका घट्ट झाला की हात वर केला की शिवण कुरकुरायची. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हो,” ते काकुळतीला येऊन म्हणाले. “बोलायचं नाही. मान हलवायची,” मोठ्या बाईंनी सांगितलं. मुलांनाही सांगून ठेवलं. विचारलं तर म्हणायचं, हेच आमचे सर. काका फक्त भांडी धुतात.

दहा मुलं हसत हसत तयार झाली. खारू म्हणाली, “मी नाही म्हणणार.”

रविवारी दुपारी काकांनी तिला घरात गाठलं. ती खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. खारूची आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मुद्दाम बाहेर येत नव्हती. हे तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच निस्तरा, असं तिनं सकाळीच सुनावलं होतं.

“एका वाक्याचा तर प्रश्न आहे, खारू.”

“मग ते दुसऱ्या कोणाला बोलायला सांगा.”

“तुला नेमकं विचारलं तर?”

“तर खरं सांगेन. बाबा, तुम्ही चार महिने शिकवलंत. चांगलं शिकवलंत. त्यात लपवायचं काय आहे?”

“अगं, तुझं वर्ष जाईल!” काकांचा आवाज चिरकला. “वर्ष नाही, सगळंच जाईल. ते पत्र पुन्हा येणार आहे का? आणि बाकीच्या दहा जणांनी तुझं काय घोडं मारलंय?”

खारूनं पुस्तक मिटलं. “लहानपणी दुकानातून न विचारता पेन्सिल आणली होती मी. तुम्ही मला भर उन्हात परत पाठवलं होतंत. एकटीला. दुकानदाराला सांगून ये म्हणालात.”

“ती पेन्सिल होती गं...”

“मोठं असलं की चालतं का?”

आता या पोरीला काय सांगायचं? काकांनी समजावलं, रागावून बघितलं, गयावया केली. ती दगडासारखी बसून. मग त्यांना काय झालं कोणास ठाऊक. पन्नाशी उलटलेला तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पोटच्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बाबा! उठा! काय करताय?” ती किंचाळलीच. पाय ओढून घ्यायला लागली, तर त्यांनी घोटे घट्ट धरून ठेवलेले. “हो म्हण,” ते म्हणत राहिले. “एकदा हो म्हण. जन्मात पुन्हा काही मागणार नाही.” आतून खारूची आई धावत आली आणि दारातच थबकली. खारू रडायला लागली तेव्हा कुठे त्यांनी हात सोडले. ती उठून आत गेली. रात्री जेवली नाही, सोमवारी डबा तसाच परत आणला. काकांनी विचारायचं धाडस केलं नाही. आपण काय करून बसलो हे त्यांना कळत होतं, पण केलेलं मागे घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

मंगळवारी पाहणीच्या बाई आल्या. काकांनी कोणीतरी कडक, टाचा वाजवणारी बाई डोळ्यांसमोर आणली होती. आल्या त्या ठेंगण्याशा, साध्या चपलांतल्या, पाठीवर मुलांसारखी पिशवी घेतलेल्या बाई. प्रत्येक दारात ‘येऊ का?’ विचारत होत्या. अशा माणसाची जास्त धास्ती वाटते. कडक माणसाशी खोटं बोलायला निदान उमेद तरी येते.

प्रयोगशाळेत टायट्रेशन चाललं होतं. आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची आणि फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं, नेहमीचंच. मुलं आपापल्या ब्युरेटशी, रेषा आखलेल्या लांब काचनळीशी, उभी. फळ्यापाशी शिट्टी सर मान हलवत होते, प्रश्न नसतानाही हलवत होते. मोठ्या बाई दारात उभ्या राहून हसत होत्या, आणि ते हसू काही केल्या चेहऱ्यावर टिकत नव्हतं. काकांना मागच्या बेसिनपाशी उभं केलं होतं. हातात ब्रश, तोंडाला कुलूप.

पाच मिनिटं बरी गेली. मग बेसिनजवळच्या टेबलावरची चष्मेवाली मुलगी रीडिंग घ्यायला लागली. उभ्या उभ्याच, वरून बघून! काकांनी ब्रश घट्ट धरला. दुसरीकडे बघितलं. पण बावीस वर्षांची सवय, ती का ऐकते? चुकीचं रीडिंग कागदावर चढणार म्हटल्यावर त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, “अं हं, डोळा खाली. रेषेच्या समोर.”

चष्मेवाली तर वाकलीच. पण तिच्याबरोबर बाकीची दहाही मुलं जिथल्या तिथे गुडघ्यांत वाकली. आवाज ओळखीचा, सूचना रोजची. फळ्यापाशी शिट्टी सर तेवढे ताठ उभे होते. मग सगळे वाकले म्हणून तेही वाकले, आणि कोटाची शिवण टर्रकन उसवली.

कोणी हसलं नाही.

पाहणीच्या बाईंनी एकवार सरांकडे बघितलं, एकवार काकांकडे. मग हातातली वही मिटली आणि सगळ्यात जवळच्या मुलीला हलक्या आवाजात विचारलं, “हे असं वाकून बघायला कोणी शिकवलं गं तुला?”

सगळ्यात जवळची मुलगी खारू होती.

काकांना वाटलं, सांगणार ही. आता सांगणार, आणि संपलं सगळं. खारूनं ब्युरेटची तोटी बंद केली, बाईंकडे वळली आणि हसली.

खारू उगाच हसणारी मुलगी नव्हे. फोटो काढतानासुद्धा तिला तीनदा सांगावं लागतं. पण आता ती छान हसली, मान किंचित कलती करून, आणि तिच्या तोंडून गोड, स्वच्छ आवाज निघाला. “सरांनी. आमचे सर फार बारकाईनं शिकवतात. हे काका ना, ते नुसते—”

आवाज कुठे अडखळला नाही. घोटून घोटून बसवलेला होता तो. ही मुलगी दोन दिवस न जेवता हेच घोटत बसली होती, हे काकांना त्या क्षणी दिसलं. आपली पोर कशी बोलते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ही ती नव्हती. हे आपण केलंय. आपल्या हातांनी केलंय. त्यांना ते ऐकवेना, बघवेना. पुढचा शब्द तिच्या तोंडून निघायच्या आत काकांचा ब्रश बेसिनमध्ये पडला होता.

“मी शिकवलं,” ते म्हणाले. “सर चार महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून मीच शिकवतो. तिला बोलायला मी भाग पाडलं. ती माझी मुलगी आहे.”

दारातून मोठ्या बाईंचा ‘अहो!’ एवढाच आवाज आला.

पाहणीच्या बाई वाईट नव्हत्या. नंतर बाकावर बसून त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं. मुलांच्या वह्या पानन् पान चाळल्या. “इतक्या नेटक्या वह्या मी या वर्षी कुठे पाहिल्या नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि ते बोलताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. “पण मला हे लिहावंच लागेल. पात्र शिक्षकाशिवाय झालेले प्रयोग धरता येत नाहीत. ही मुलं यंदा परीक्षेला बसू शकणार नाहीत. मी काहीही केलं तरी नाही.” काकांनी हात जोडले. शिक्षा मला करा म्हणाले, नोकरी घ्या म्हणाले. “तुमची नोकरी माझ्या हातात नाही हो,” बाई म्हणाल्या. “आणि ती घेऊन मुलांना काय मिळणार?”

मोठ्या बाई मात्र दुपारी त्यांच्यावर तुटून पडल्या. “अकरा घरं बुडवलीत! ती पोरगी बोलत होती ना? नीट बोलत होती ना? मध्ये तोंड घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” काका खाली मान घालून ऐकत राहिले, कारण यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ते प्रयोगशाळेत परतले. नळ सोडला आणि फ्लास्क धुवायला घेतले. अकराही फ्लास्कांमध्ये तो फिकट गुलाबी रंग अगदी बरोबर आला होता. एकाचंही चुकलं नव्हतं. ते ओतून देताना त्यांना हुंदका आला आणि त्यांनी नळ मोठा केला.

खारू कधी आत आली ते त्यांना कळलंच नाही. ती बेसिनच्या पलीकडे उभी होती. डोळे सुजलेले, पण आता रडत नव्हती.

“का बोललात?”

“मला तुला तसं बोलताना बघवलं नाही गं.”

“रविवारी बघवत होतं?”

काकांनी नळाखाली हात तसाच धरला. “रविवारी मला वाटलं, तुझं वर्ष वाचलं की झालं. बाकी सगळं मी सोसेन. पण तू हसलीस, खारू. तू तशी हसलीस आणि...”

“मी तयार झाले होते, बाबा.” तिचा आवाज अगदी शांत होता, आणि काकांना तो ओरडण्यापेक्षाही जड गेला. “आरशासमोर उभी राहून केलं मी ते. आधी ओकारी आली. मग जमलं. मी म्हटलं, ठीक आहे, बाबा पाया पडलेत, करू या. मी केलं. खोटं बोलून झालं होतं माझं. आणि मग खरं तुम्ही बोललात.”

“खारू...”

“वर्ष गेलं. पत्र गेलं. आणि मी खोटारडीसुद्धा झाले, त्या बाईंच्या समोर, सगळ्या वर्गासमोर.” तिनं बापाकडे पहिल्यांदाच नीट वर बघितलं. “मग माझ्यापाशी राहिलं काय, ते सांगा ना!”

ती खरंच थांबली होती. वर्गात काही अडलं की थांबायची तशी, उत्तर मिळेल म्हणून. काकांनी धुतलेलाच फ्लास्क पुन्हा नळाखाली धरला. तिनं हात पुढे करून वाहता नळ बंद केला आणि दप्तर उचलून निघून गेली.