पोटाखालचा हात

कोंडीबाचा तळहात काय चीज होता, ते विट्याच्या पलीकडल्या माळावर कुणालाही विचारावं. मेंढीच्या पोटाखाली हात घातला की ती परवा कुणाच्या बांधावर चरली, एवढंच नाही, तर त्या बांधाचा मालक घरात भांडून आला होता का, हेसुद्धा त्याला कळायचं. बाजारात जनावर घेताना तो दात बघायचा नाही, लोकर बघायचा नाही. पोटाखाली हात. ऊब लागली तर घ्यायचं, गार लागलं की पुढं चालायचं.

तोच हात घेऊन तो पोरीला लॅपटॉप घ्यायला सांगलीत विश्रामबागेत आला. कळपाच्या पुढं चालणारा एडका विकला होता. त्या पैशाच्या वर एक रुपया निघणार नव्हता. सोनिया कार्टूनपट बनवायला शिकत होती. वर्षाअखेरीला स्वतःची फिल्म दाखवली की पुण्याच्या एका स्टुडिओत नोकरी लागणार होती.

दुकानदार भाऊसोनं तेवढ्यात बसणारे दोन लॅपटॉप चालू करून ठेवले. एक पातळ, प्रोसेसर नव्या पिढीचा, रॅम सोळा जीबी. दुसरा पाट्यासारखा जाड. स्क्रीन ऐसपैस, प्रोसेसर मात्र जुनाट, आणि पंखा असा घरघरायचा की बाहेरचे रिक्षावाले ट्रक आला म्हणून बाजूला व्हायचे. सोनियाचं बोट पातळाकडं गेलं. कोंडीबानं आधी दोन्हींच्या पोटाखाली तळहात घातला.

"ह्यो गार पडलाय, पोरी," पातळाकडं बघत तो म्हणाला. "ह्यात जीव न्हाई."

भाऊसो हसत समजावू लागला की मामा, कमी तापतो तोच चांगला. पण कोंडीबा तो तळहात पुन्हा पुन्हा धोतरावर चोळत होता. गेल्या दिवाळीला भामाबाई, त्याची बायको, याच तळहाताखाली गार झाली होती, आणि उन्हं वर येईस्तोवर तो तिचे पाय चोळत बसला होता. सोनियानं तो हात बघितला आणि जाडच द्या म्हणाली.

तो असा तापायचा की खोलीवरच्या पोरी त्याच्यावर भाकरी शेकायच्या, आणि घरमालकाचं मांजर थंडीभर तिथून हललं नाही. फोनवर सोनिया म्हणायची, लय ग्वाड चाललंय. घडीघडीला तो बंद पडतो, ओला पंचा खाली घालून काम रेटावं लागतं, हे सांगायची नाही. तिच्या फिल्ममध्ये भामाबाई कळपाच्या पुढं चालत होती, बरोबर तो एडका.

फिल्म द्यायची मुदत सरली तसा कोंडीबा खोलीवर आला. बायकोला चालताना बघायचं म्हणून धुतलेला पटका बांधला होता. सोनिया चहा ठेवते म्हणाली, तोवर त्याचा हात लॅपटॉपच्या पोटाखाली गेला होता.

"कवा गेला?"

"सोमवारी. आतलं समदं घेऊन गेला. दुकानात दावला, न्हाई निघालं."

कोंडीबानं तो मांडीवर घेतला, घोंगड्यात गुंडाळला आणि गारठलेलं कोकरू चोळतात तसा चोळू लागला. या गोष्टीत इतक्या थापा मारल्या, तिथं अजून एक खपून गेली असती. पण तो सुरू झाला नाही.

चहा निवला. कोंडीबाचा हात कधीतरी थांबला.

"तुला त्यो पातळच पायजे व्हता न्हवं?"

सोनियानं त्याच्या तळहाताखाली आपला हात सरकवला.

"न्हाई आबा. मलाबी ऊबच पायजे व्हती."