सखूबाईची सवत

मी एक जुनी रुई आहे, मित्रांनो, आणि माझं लग्न झालेलं आहे. हसू नका, सांगते.

सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे मुरमाड माळ होता. तिथे मी उगवले. मला पाणी घालायला कोणी आलं नाही आणि मीही वाट पाहिली नाही. वैशाखात गवत करपायचं, तेव्हा माझी जाड, राखाडी पानं तशीच उभी असायची. अंगात चीक, म्हणून शेळ्या तोंड लावत नसत. शनिवारी मारुतीसाठी लोक पानं नेत. एरवी कोणी विचारत नसे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग नत्थूजी विणकर आला. त्याची पहिली बायको प्लेगात गेली, दुसरी बाळंतपणात. तिसरी जगत नाही, अशी तेव्हाची समजूत. म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं आणि रुई तोडायची. मग खरी नवरी चौथी ठरते आणि तिच्यावरचं विघ्न टळतं. भटजींनी मला हळद लावली, मंगलाष्टका म्हटल्या, अक्षता पडल्या. त्याच दुपारी कुऱ्हाडीने मला भुईसपाट केलं. माझं सासर एवढंच.

पण त्यांनी मूळ काढलं नाही. रुईचं मूळ खोल जातं. पुढच्या चैत्रात मी पुन्हा हिरवी झाले.

नत्थूजीची आई रंभाबाई शेण वेचायला आली आणि किंचाळलीच, "अवं माय! तिसरी जित्ती झाली! आता चौथीले खाईन थे!" ती चौथी, सखूबाई, तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. नत्थूजी कुदळ घेऊन धावत आला. मागोमाग सखूबाई आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"काहून खोदता जी तिले?"

"तुलेच वाचवून राहिलो ना!"

"माह्या वाट्याचं मरण तिनं घेतलं, तरी बी जगली थे. मंग मी काहून मरीन?"

नत्थूजीने कुदळ खांद्यावर टाकली आणि तो घराकडे वळला.

पावसाळ्यात सखूबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पोर चालू लागल्यावर सखूबाई तिला घेऊन आली. "हात नोको लावू, चीक डोयात जाते. दुरूनच पाया पड वं. मोठी माय हाय तुही."

मित्रांनो, माळावर रुई दिसली तर पाणी घालू नका, तिला ते सोसत नाही. कुदळ मात्र लावू नका. ती कोणाच्या घरची आहे, तुम्हाला काय ठाऊक?