भुताच्या चढावर आमची गाडी

आत्याचा विश्वास बसत नाही अशी गोष्ट या जगात नसावी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिने भुताच्या चढाचा धोशा लावला. शहराबाहेर हमरस्त्यावरच हा चढ आहे. दोन्ही बाजूंची झाडं एकाच दिशेला कललेली, पाखराचा आवाज नाही, आणि गाडी बंद करून उभी केली की ती आपोआप वर चढते, असं म्हणतात. जमिनीखाली कसलीशी शक्ती आहे आणि ती हाडांनाही लागू पडते, हे आत्याच्या मैत्रिणीच्या जावेने स्वतःच्या कंबरेवर अनुभवलं होतं. बाबांना असल्या गोष्टींचा तिटकारा, पण धाकट्या बहिणीपुढे त्यांचं काही चालत नाही. रविवारी सकाळी निघालो.

निघालो ते ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीने. बाबांचं स्कूल आहे. या गाडीला टपावर पाटी असते आणि शेजारच्या सीटपुढे शिक्षकासाठी दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने गोंधळ घातला की शिक्षकाने तो दाबायचा.

ऑपरेशननंतर बाबांना बरेच दिवस घरी बसावं लागणार होतं. स्कूल चालवायला मी एका पायावर तयार होते. शिकवण्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, ऑफिसचा कारभार मीच बघते. पण बाबा कुलूप लावायला निघाले होते. "दुसऱ्याचा जीव आपल्या पायाखाली असतो. तुला अजून वेळ आहे," एवढंच म्हणायचे. मी दोन पोरांची आई, कानशिलावर पांढरे केस दिसायला लागलेत, आणखी किती वेळ आहे ते तरी सांगा! एकदा बंद पडलेलं स्कूल पुन्हा उघडेल असं मला मुळीच वाटत नव्हतं, आणि त्या विचाराने माझी झोप उडाली होती.

मी चालवत होते, बाबा शेजारी, आत्या मागे मांडीवर डबा घेऊन.

"आरसा बघ. गिअर बदल. तो सायकलवाला बघ."

सायकलवाल्याला मी पाहिलं होतं. त्यानेही मला पाहिलं होतं. आम्ही एकमेकांना हातसुद्धा दाखवला होता.

चढाशी गाड्यांची रांग होती. एक शेंगदाणेवाला गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांवर हुकूम सोडत होता. रस्त्यावर पांढरी रेघ होती. रेघेवर यायचं, इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलला टाकायची, हॅन्डब्रेक सोडायचा. आमच्या पुढची जीप रेघेवर क्षणभर थबकली आणि आवाज न करता, हळूहळू, चक्क वर निघाली. माझ्या अंगावर काटा आला. उतारच चढासारखा दिसतो, डोळ्यांची फसगत असते म्हणे, पण ते घरी बसून म्हणायला ठीक आहे.

आमची पाळी आली. इंजिन बंद केलं, हॅन्डब्रेक सोडला. गाडी ढिम्म.

"दादा, तू मनात शंका आणलीस," आत्या कुजबुजली.

"गप्प बस गं."

शेंगदाणेवाला खिडकीशी आला. "ताई, ब्रेकवरचा पाय काढा. या चढाने आजवर एकाही गाडीला नाही म्हटलेलं नाही."

माझं डोकं तडकलं. मी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी ठोकली. "हे बघा! कुठाय पाय?"

तेवढ्यात मागची स्कूटरवाली ओरडली, "अहो, पण तुमचे ब्रेकचे दिवे पेटलेत की!"

मी खाली वाकून पाहिलं. माझा ब्रेक आपला आपणच खाली दबलेला होता. त्याच्यावर कुणाचाही पाय नव्हता. आत्याने किंचाळून माझा खांदा धरला, आणि खरं सांगते, माझीही बोबडी वळली. मग डोक्यात उजेड पडला. दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात. मी शेजारी पाहिलं. बाबांचा काळा बूट दुसऱ्या ब्रेकवर ठाम रोवलेला होता.

"बाबा, पाय."

"कुठला पाय?"

त्यांनी वाकून पाहिलं. तो बूट दुसऱ्याच कुणाचा असावा असा त्यांचा चेहरा झाला. त्यांना खरोखरच पत्ता नव्हता.

"घरापासून तिथेच टेकलेला आहे ना?" मी विचारलं.

"असेल. सवयीने जातो."

"त्याच गुडघ्याचं ऑपरेशन आहे! मी गाडी शिकले तेव्हापासून तुमचा पाय तिथून हललेला नाही, बाबा. मला फार लागतं ते. एकदा काढून तर बघा."

दोन्ही हात गुडघ्याखाली घालून बाबांनी तो पाय उचलला आणि तसाच धरून बसले. गाडी हलली. इंजिन बंद, पाटी डुलतेय, आणि आम्ही वर चाललोय! आत्या टाळ्या वाजवायला लागली. बाबा लहान मुलासारखे हसत सुटले. "अगं, चढतेय! खरंच चढतेय!" मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "ब्रेक! ब्रेक लाव!" पुढे ती जीप आडवी थांबून फोटो काढत होती. बाबांनी स्वतःचा पाय मात्र सोडला नाही. मी मांडी मोडली, ब्रेक दाबला, आणि गाडी अलगद थांबली.

बाबा दार उघडून लंगडत माझ्या बाजूला आले. "उतर. तिकडे बस."

मी शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी माझ्या मागोमाग येऊन सीटखालचा दांडा ओढला आणि माझी सीट पुढे सरकवली. "ब्रेकपर्यंत पोचतो का पाय?"

"अजून थोडी."

त्यांनी आणखी सरकवली. आता पोचत होता. माझे डोळे भरून आले.

"तुझा गुडघा?" आत्या म्हणाली.

"कोपऱ्यापर्यंत चालवेन. मग ती घेईल." बाबांनी स्टिअरिंग धरलं, आरशात मुळीच पाहिलं नाही आणि अगदी अडाण्यासारखा चेहरा केला. "मॅडम, पहिला गिअर कुठे असतो हो?"

"आधी आरसा बघा," मी म्हटलं. "मग गिअर."

गाडी गचके खात निघाली. बाबांनी मुद्दाम ती सरळ खड्ड्याकडे वळवली. मला कळायच्या आत माझा पाय ब्रेकवर गेला होता.

"झकास," बाबा म्हणाले. "सोमवारी स्कूल वेळेवर उघड."